राउटरच्या पिंग पेजमध्ये कमांड इंजेक्शन आहे म्हणे, पण लॉगिन तर लागतंच ना?

पंपहाऊसवाला:
चाकणला मेंटेनन्सला आहे, आयटीचा माणूस नाही हे आधीच सांगतो. लांबच्या पंपहाऊसमधल्या पीएलसीला (पंप चालवणारा कंट्रोलर) ४जी राउटर लावलाय, त्यावरून स्काडाला (लांबून बघायचं, चालवायचं सॉफ्टवेअर) डेटा येतो. परवा ऑडिटवाले आले आणि लिहून गेले की राउटरच्या डायग्नोस्टिक पेजवर कमांड इंजेक्शन आहे, क्रिटिकल. आता ते पेज मी रोज वापरतो, आयपी टाकायचा, पिंग दाबायचं, लिंक आहे का नाही कळतं. तिथे जायला पासवर्ड लागतो. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो तसाही सगळं बदलू शकतो ना? साहेब म्हणतात नवं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकायला लाईन बंद ठेवता येणार नाही. उगाच बाऊ करतायत का?

शेलमास्तर:
बाऊ नाही. त्या डब्यात लिनक्स असतं. तुम्ही आयपी टाकला की पेजमागचा प्रोग्राम 'पिंग' या शब्दापुढे तुमचा मजकूर जसाच्या तसा चिकटवतो आणि अख्खी ओळ शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला देतो. शेलला अर्धविराम (;) दिसला की त्याच्या लेखी एक कमांड संपली, पुढची सुरू, मग पुढे कोणी काहीही लिहिलेलं असो, ते चालवणार, हेच कमांड इंजेक्शन, आणि अशा डब्यांत वेबसर्व्हर बऱ्याचदा रूट म्हणूनच, म्हणजे सगळे अधिकार घेऊन चालतो. पासवर्डवाला पेजवर जेवढी बटणं आहेत तेवढंच करू शकतो. शेल मिळालेला माणूस स्वतःचा प्रोग्राम आत ठेवून जातो आणि तो तुम्हाला पेजवर कुठेच दिसत नाही. आणि 'इनव्हॅलिड आयपी' असा मेसेज येतो म्हणून खूश होऊ नका, ती तपासणी पुष्कळदा ब्राउझरमध्येच असते, ती टाळून थेट राउटरला मजकूर पाठवता येतो.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला:
पासवर्डचं म्हणाल तर फोर-फेथचे एफ३एक्स२४ आणि एफ३एक्स३६ हे इंडस्ट्रियल राउटर बघा. डिसेंबर २०२४ मध्ये बाहेर आलं, त्या त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-१२८५६. घड्याळ लावायच्या फॉर्ममध्ये जो वर्षाचा रकाना, त्यातूनच कमांड जात होती! त्यालाही लॉगिन लागायचंच, पण कंपनीचा मूळ पासवर्ड कोणी बदललेलाच नाही, मग कसलं लॉगिन. इंटरनेटवर उघडे असे साधारण १५,००० दिसत होते.

पंपहाऊसवाला:
आमचा पासवर्ड... बॉक्सवरच्या स्टिकरवर आहे तोच आहे 😬 पण पुढे फायरवॉल लावली तर चालेल ना?

शेलमास्तर:
चालेल, पण फायरवॉल पण डबाच आहे. मे २०२३ ला डेन्मार्कमध्ये २२ ऊर्जा कंपन्यांत घुसले, सुरुवात झायझेलच्या फायरवॉलमधल्या कमांड इंजेक्शननेच झाली, तिथे तर लॉगिनपण लागत नव्हतं, एक पॅकेट पाठवलं की झालं. त्यावरचा पॅच (दुरुस्ती) २५ एप्रिललाच आलेला होता, हे जास्त लागतं मनाला.

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला:
साहेबांना राउटरचं सांगू नका, मोटरचं सांगा. तुमचा पीएलसी मॉडबस टीसीपीवर (पीएलसीशी बोलायची नेटवर्कवरची भाषा) असेल तर त्याच्या ५०२ पोर्टला पासवर्ड हा प्रकारच नाही. राउटरवर बसलेला माणूस सरळ पीएलसीच्या रजिस्टरमध्ये (मेमरीच्या कप्प्यात) लिहितो, पंप चालू, पंप बंद, सेटपॉइंट काय वाट्टेल तो. तुमचं इंटरलॉक (धोका दिसला की पंप थांबवणारी सोय) हार्डवायर्ड, म्हणजे थेट वायरिंगमध्ये आहे का सॉफ्टवेअरमध्ये, ते आधी बघा.

पंपहाऊसवाला:
ड्राय रनचं (पाण्याविना पंप चालू नये म्हणून) सोडून सगळं सॉफ्टवेअरमध्येच 🤦 आणि सिमला पब्लिक स्टॅटिक आयपी आहे, मीच मागून घेतला होता घरून बघता यावं म्हणून.

शेलमास्तर:
मग आज संध्याकाळी वॅनकडून (इंटरनेटच्या बाजूने) वेबपेज बंद करा आणि पासवर्ड बदला, याला लाईन बंद करावी लागत नाही. पण मॉडबसचं पोर्ट फॉरवर्ड केलेलं (बाहेरून थेट पीएलसीपर्यंत उघडलेलं) असेल तर तेही बघा, नाहीतर राउटर फोडायची गरजच नाही. सिमवाल्याकडे प्रायव्हेट एपीएन (उघड्या इंटरनेटपासून वेगळी लाईन) मागा, घरून बघायला व्हीपीएन. फर्मवेअर गुरुवारी टाका, सुट्टी असते ना तुमच्याकडे. आधी कॉन्फिगचा बॅकअप घ्या बरं का, मी एकदा विसरलो होतो आणि रात्री दोनला बाईकवरून साईटवर गेलोय.

पंपहाऊसवाला:
फॉरवर्ड आहे. ५०२. बंद करतोय आत्ताच.