घरी बांधलेली झोपायची ट्रॉली (टिअरड्रॉप) : कोणी बांधली असंन त अनुभव सांगा

धुऱ्यावरचा
काल भंगारवाला आला, गोठ्यामागं बोट दाखवून म्हणे, "भाऊ, ते लोखंड देऊन राह्यले का?" मले कसंतरीच झालं. ते लोखंड म्हणजे माझा टिअरड्रॉप. २०१७ च्या उन्हाळ्यात बांधला होता. अमेरिकेतले फोटो पाहून डोक्यात भूत शिरलं, थेंबाच्या आकाराचा डब्बा, आत फक्त गादी, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. म्हटलं यात काय आहे, आपण तर ट्रॉलीच्या गावचे.

पहिली चूक मापाची. ते लोक आठ बाय चारच का करतात, तर प्लायची शीटच आठ बाय चार येते. मी शहाणा, साडेचार फूट केली, पोट्टी मधात मावली पाहिजे म्हणून. त्या सहा इंचापायी खाली, वर, मागं, सगळीकडे दुसरी शीट फाडावी लागली. आमचा वेल्डर भला माणूस पण त्याचा हात ट्रॉलीवर बसलेला, त्यानं खाली जड लोखंडी चॅनेल टाकलं. यात कापूस न्यायचा नाही झोपायचंय हे तीनदा सांगितलं. जिनिंगच्या धरमकाट्यावर चढवली त ४३० किलो! मी अडीचशे धरून होतो.

खरी फजिती चिखलदऱ्याला जाताना. परतवाड्याच्या अलीकडे बोलेरो साठवर होती आन् मागची ट्रॉली कुत्र्याच्या शेपटीसारखी हलायला लागली. ब्रेक मारला त अजून जोरात. शेवटी नुसता पाय काढला तेव्हा कुठं शांत झाली. बायको घरी येईस्तोवर बोलली नाही. घरी आबाजीनं एका हातानं दांडी उचलून पाहिली आन् म्हणे, "उलार हाय न बे हे, सगळा भार मागं. बैल असते त जोतं गळ्याले आवळलं असतं." मग मी वाचलं, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हुकावर यायले पाहिजे. माझ्या हुकावर १५ किलो. ओटा, सिलिंडर, पाण्याच्या दोन कॅन, स्टेपनी, सगळं चाकाच्या मागं कोंबलेलं. जे आबाजीले शाळेत न जाता माहीत होतं ते मले इंग्रजीत वाचावं लागलं.

अजून लय आहे, आता मोटर लावाले जातो, लाईन आली.

कपाशी_तूर
भाव किती दिला ते तर सांगितलंच नाही

धुऱ्यावरचा
विचारलाच नाही बावा

मेळघाटची_सून
आमच्या ह्यांनी बांधली होती २०१९ ला, ४ बाय ८ च, त्यामुळे तेवढं तरी वाचलं. पण डिसेंबरात पहिल्यांदा झोपलो तर रात्री दोनला तोंडावर टपटप. छत गळतंय म्हणून हे बॅटरी तोंडात धरून सिलिकॉनची ट्यूब घेऊन वर चढले, बाहेर तर आभाळ कोरडं ठणठणीत. आमच्याच श्वासाचं पाणी होतं हो, आतून पत्रा गार आणि खिडक्या घट्ट बंद, मग ते जाणार कुठं. नंतर वर एक झरोका केला आणि दोन्ही खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवायला लागलो, आतून पत्र्याला फोमची शीट चिकटवली. गादीखाली फळ्यांमध्ये फटी ठेवा, नाहीतर गादीच्या पोटाला बुरशी धरते, मी एक गादी फेकली आहे. आणि थंडी वाजते म्हणून कोणी आत शेगडी घेऊ नका.

सालई
शेगडीचं लाल अक्षरात लिहा ताई. कोळशाचा निखारा बंद जागेत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो, त्याले ना रंग ना वास. झोपेतला माणूस उठत नाही. गॅसची शेगडीही आत नाही, बाहेर म्हणजे बाहेर.

धुऱ्यावरचा
+१ म्हणूनच तिचा ओटा मागं बाहेर असतो. पण पावसात झाकणाच्या फटीतून पाणी थेट कणकेत, बिजागरीवर रबर लावूनही. शेवटी टायरच्या ट्यूबची पट्टी कापून वरून रिवेट मारली, ती टिकली.

वांगं_पानगे
कणकेवरून आठवलं, अशा ट्रॉलीत जाऊन लोक मॅगी खातात याचं मले वाईट वाटते. गोवऱ्या न्या, कणकेचे पानगे पानात गुंडाळून टाका, वांग्याची भाजी.

मेळघाटची_सून
पळसाची पानं मिळतात का आता तुमच्याकडे? आमच्याकडे केळीच्या पानात करतो, चव नाही येत तशी

वांगं_पानगे
पळस धुऱ्याले आहे ना. तुमच्यासाठी पाठवू का 😄

कपाशी_तूर
ट्रॉलीचा विषय चालू आहे लोकहो

नाल्याकाठी
आम्ही दोघा भावांनी केली होती, एक्सल आणि पाटे जुन्या ओम्नीचे, भंगारात मिळाले. तीस किलोमीटर पळवून आलो आणि वाटेतला नाला दिसला तर सरळ पाण्यात घातली, फोटो काढायचा होता. चाकाचा हब गरम, पाणी थंड, आतली हवा आकसली आणि सीलमधून पाणी आत ओढलं गेलं. तेव्हा काही कळलं नाही. महिन्यानं बेअरिंग ओरडायला लागलं, खोललं तर ग्रीसचं ताक झालेलं. तर नाल्याआधी हब गार होईपर्यंत थांबा, चहा प्या. आणि रिव्हर्सचं कोणी बोललंच नाही, छोटी ट्रॉली पटकन मुडपते, ट्रॅक्टरची लांब ट्रॉली मी झोपेत लावतो पण ही नाही. शेवटी हुक काढून हातानं ढकलायची, चाळीस किलो उचलायचे आणि भावावर ओरडायचं.

सालई
आरटीओचं काय केलं तुम्ही लोकांनी? ट्रेलर म्हणजे वेगळी गाडी, तिचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं ना

धुऱ्यावरचा
लागतं. तिथं गेलो त साहेबानं फोटो पाहून विचारलं हे काय आहे, आन् मलाच धड सांगता आलं नाही. चिखलदऱ्यानंतर रोडवर काढलीच नाही. आधी विचारायचं मग बांधायचं हे मी उलटं केलं.

नाल्याकाठी
मग सात वर्षं काय, कोंबड्या?

धुऱ्यावरचा
हसू नको. बाबा जागलीले नेत होते. आमच्या इकडे चण्यात रानडुक्कर आन् रोही (नीलगाय), रात्रभर मचाणावर बसून त्यांची कंबर गेली. मी ट्रॅक्टरले अडकवून धुऱ्यावर नेऊन लावली, खाली दगड, दोन्ही बाजूले जॅक. खिडकीतून बॅटरी मारायची, डब्बा वाजवायचा. जमिनीपासून दीड फूट वर, म्हणून साप-विंचवाची धास्ती कमी, आन् कडी लावली की डोळा लागला तरी चालते. म्हणे पहिल्यांदा तुझं काही कामाचं निघालं. उन्हाळ्यात मात्र दुपारी आत पाय ठेवता येत नाही, पत्रा आहे शेवटी, वर तुऱ्हाट्यांचं छप्पर केलं तेव्हा उलीसा फरक पडला.

काळ्या मातीचं एक सांगतो. पावसात आत नेली त चाक आन् मडगार्डच्या मधात चिखल भरून चाक फिरलंच नाही, घसरत आली. मडगार्ड चाकापासून चांगलं चार बोटं दूर ठेवा. मी फोटोवाल्यांसारखं चिकटून ठेवलं होतं, सुंदर दिसते म्हणून.

मेळघाटची_सून
बाबा आता?

धुऱ्यावरचा
आहेत न. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जागलीले यंदा जात नाहीत. म्हणून त ट्रॉली गोठ्यामागं आली आन् भंगारवाल्याले दिसली. खालच्या प्लायच्या कडा फुगल्या, बोट लावलं की पापुद्रे निघतात. कडांले रंग पाजला नाही, नुसत्या चपट्या बाजूले मारला, पाणी कडेतूनच शिरते. प्लाय पण स्वस्त घेतला होता, ७१० नंबरचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्यायचा होता. छत मात्र जसंच्या तसं, पत्र्याखाली चार एमएम प्लायचे दोन थर, ओलं करून वाकवलेले.

सालई
चॅनेल चांगलं असेल तर खालची शीट तेवढी बदल. तुझ्या वेल्डरच्या त्या जास्तीच्या लोखंडाचा आता फायदा आहे, ते कुठं जात नाही.

कपाशी_तूर
मी घेतो. जागलीलेच. भंगारवाल्याच्या वर पाचशे

धुऱ्यावरचा
बाबाले विचारलं. म्हणे डोळा बरा होऊ दे, मग पाहू. @नाल्याकाठी तुझ्या ओम्नीच्या बेअरिंगचा नंबर टाक बरं, माझंही एका बाजूचं ओरडून राह्यलं.

नाल्याकाठी
घरी गेल्यावर पाहून टाकतो, आता बाजारात आहे