पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग: चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं खाणंपिणं

पाकिटावरचं प्रमाण या मंडळींना बहुधा जास्तच होतं, म्हणून हा धागा. काय, किती, कशातून देता आणि कुठे अडतं ते लिहा. गोड आहेत हे गृहीत धरलंय, मापं सांगा.

—

पगचं योग्य वजन ६ ते ८ किलो. नसबंदी झालेल्या, घरातच लोळणाऱ्या ७ किलोच्या पगला दिवसाला ४०० ते ४५० कॅलरी पुरतात. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे ११०-१२० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. कपाने नको, काट्यावर मोजा. दाणा बारीक असला की त्याच कपात जास्त मावतं. वरचा खाऊ दहा टक्क्यांच्या आत, आणि तोही यातूनच वजा!

—

+१. शिवाय बरगड्या चाचपा. बोटं हलकेच फिरवून लागल्या तर ठीक, दाबावं लागलं तर चरबी. नुसतं बघून पग कळत नाही, कातडीच्या घड्या फसवतात. वजन उतरवताना आठवड्याला १ ते २ टक्केच. गळ्याभोवतीची चरबी आधीच अरुंद असलेली श्वासाची वाट आणखी आवळते.

—

खोल वाडगा बाद. बुटक्या काठाची पसरट ताटली घ्या. हावरटांसाठी मिळणारे खाचांचे वाडगेही यांना नकोत: तोंड तळाशी पोचत नाही, नाक दाबलं जातं, घासाबरोबर हवा गिळली जाते आणि मग ढेकर, गॅस. त्यापेक्षा सपाट ट्रेमध्ये दाणे पसरा. जेवण झालं की नाकावरची घडी पुसून कोरडी करा.

—

ओकारी कोणती ते आधी ओळखा. पोट आवळून, उमासे देत आली तर ती खरी ओकारी. मान खाली घातली आणि न पचलेले दाणे तसेच घरंगळले, तर ते अन्ननलिकेतून परत आलंय. श्वास ओढायला जोर लागतो, त्या ओढीने जठराचा वरचा भाग छातीत सरकू शकतो. ब्रँड बदलत बसू नका. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. फिरून आल्यावर धाप पूर्ण थांबेपर्यंत ताटली ठेवायची नाही.

—

घरी शिजवणाऱ्यांसाठी: नुसता मांस-भात अपुरा. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला; पिल्लांची हाडं यातच ठिसूळ होतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही. पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात, कुत्र्यांना विषारी) लिहिलंय का ते वाचा.

—

शिह त्झूला मूत्राशयात ऑक्झलेटचे खडे होण्याची प्रवृत्ती असते. कोरड्या दाण्यांत कोमट पाणी घालून १०-१५ मिनिटं भिजवा, जास्त पाणी पोटात जातं. लघवी थेंबथेंब किंवा लालसर दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.