अनुभव धागा: ऑनलाइन उतारा, अंगठा आणि ओटीपी

धागा काढायचं निमित्त माझाच उतारा. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन नोंदींच्या साइटवर तो घरबसल्या दिसतो, पण कन्नडमध्ये. वडिलांच्या नावात ‘ज्ञ’ आहे. आधारवर त्याचं स्पेलिंग ‘डी-एन-वाय’, बँकेत ‘जी-एन’, उताऱ्यावर ‘ग्ना’. उतारा आधारला जोडायला गेलो तर मशीनच्या हिशेबी ही तीन माणसं! शेवटी प्रतिज्ञापत्र केलं आणि वडिलांनाच तलाठ्यापुढं उभं केलं. तलाठ्यानं बघताक्षणी ओळखलं. सीमाभागातल्यांनो, तुमचं काय झालं ते लिहा.

निपाणी
आई चाळीस वर्षं विड्या वळते. बोटांवर रेघा उरल्याच नाहीत. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. दुकानदार म्हणतो, “मावशी, हात पुसून लावा.” पुसून काय होणार? ओटीपीवर काम भागतं, पण आधारला नंबर भावाचा आणि भाऊ पुण्याला. तो कंपनीत शिफ्टला असला की आई दुकानात बसून. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ ही जाहिरात लागली की ती हसते. नंबर बदलायला आधार केंद्रात नेलं, तर तिथंही आधी अंगठाच! शेवटी डोळे स्कॅन करून झालं एकदाचं.

खानापूर, जंगलाकडं
रेंजसाठी टेकडी चढेस्तोवर ओटीपी मरतो. एवढंच.

बेळगाव, माहेर चंदगड
गृहलक्ष्मीचे (कर्नाटक सरकारची बायकांसाठीची योजना) महिन्याचे २००० रुपये शेजारणीला यायचे, मला नाही. अर्ज मात्र मंजूर. तीन महिने हेलपाटे मारल्यावर कळलं, पासबुक कुठलंही द्या, पैसे आधार जोडलेल्या खात्यातच पडतात. माझं आधार लग्नाआधीच्या चंदगडच्या खात्याला! तिथं पासबुक भरून घेतलं, सगळे हप्ते जमा. नवरा म्हणाला, “बरं झालं, न कळता साठले.”

येळ्ळूर
पोरगी मराठी शाळेत सातवीला. कन्नड सक्तीचं म्हणून आम्ही कुरकुरलो होतो, खोटं कशाला बोलू. आता गल्लीतली म्हातारी माणसं तिच्याकडून उतारे वाचून घेतात. शेजारच्या काकांनी सोसायटीचं कर्ज कधीच फेडलं होतं, पण उताऱ्यावर बोजा तसाच. तो तिनं दाखवला तेव्हा त्यांना कळलं.

धागाकर्ता
बोजा कुठल्या रकान्यात बघायचा?

येळ्ळूर
अकराव्या. तिलाच विचारून लिहितेय.