पँगाँगच्या काठावर रात्रीचा मुक्काम करावा का?

रानवाट:
महाराष्ट्रातून निघणाऱ्या बऱ्याच लडाख सहलींचा साचा ठरलेला असतो. विमानाने लेह, तिथे दोन रात्री, मग खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा, आणि नुब्राहून श्योकच्या रस्त्याने थेट पँगाँग तळं. रात्र काठावरच्या तंबूत. ही शेवटची रात्र कार्यक्रमातून काढून टाकावी, असं माझं ठाम मत आहे.

नुब्रातलं हुंडर साधारण ३,१०० मीटरवर आहे, लेह ३,५०० आणि तळ्याचा काठ ४,२५०च्या आसपास. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज फार तर ५०० मीटरने वाढवावी, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. इथे आपण एका दिवसात अकराशे मीटर चढतो. त्यात झोपेत रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो, म्हणून दिवसा हिंडताफिरता असलेला माणूसही रात्री आजारी पडतो.

शिवाय तळ्याचाही विचार करा. पँगाँगमधून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जातं ते वाफ होऊनच, म्हणून ते खारट आहे. तंबूंच्या शोषखड्ड्यांतून जे झिरपेल, त्याला बाहेर जायला वाट नाही.

सातूचं_शेत:
साफ असहमत. मुक्काम काढला की उरतं लेहहून एका दिवसात जाऊन येणं. म्हणजे एकेका बाजूला पाच तास आणि ५,३०० मीटरच्या वरचा चांग ला हा घाट एकाच दिवसात दोनदा. परतीला चालकही थकलेला असतो, आणि चांग लावर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतं.

स्पांगमिक, मान, मेराक या गावांत वर्षाला एकच पीक निघतं, सातू आणि वाटाण्याचं. बाकी भिस्त जनावरांवर. दिवसाच्या पर्यटकाची टॅक्सी लेहची, हॉटेल लेहचं, डबाही लेहचाच. गावाच्या वाट्याला फक्त धूळ येते. खुपतो तो फ्लशचा संडास, मुक्काम नव्हे. लडाखी घरातल्या कोरड्या संडासाला पाणी लागत नाही. वर माती-राख टाकायची, खालच्या खोलीत खत होतं आणि ते शेतात जातं. अशा घरात राहा.

आणि अकराशेचा हिशेब फसवा आहे. लेहच्या रात्रींमुळे शरीर ३,५००ला सरावू लागलेलं असतं.

रानवाट:
तरी उडी साडेसातशेची होतेच. कोरड्या संडासाचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

डॉक्टर_नाशिक:
सुटकेच्या वाटेबद्दल दोघंही बोलला नाहीत. पँगाँगहून लेहला यायचं तर आधी चांग ला चढावा लागतो. फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णाला आणखी हजार मीटर वर नेणं जिवावर बेतू शकतं. खाली उतरणारी वाट आहे तांगत्से, दुरबुक, श्योक आणि नुब्रा. पण जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभराच्या उन्हाने बर्फ वितळतं आणि दुपारनंतर या रस्त्यावरचे नाले फुगतात. म्हणून संध्याकाळी डोकं दुखतंय तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, अंधाराआधीच तांगत्सेला उतरा.

बसल्याजागी धाप, कोरडा खोकला किंवा सरळ रेषेत पावलं टाकता न येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच उतरवायचं आणि प्राणवायू सुरू ठेवायचा. दुकानातल्या छोट्या डब्याच्या भरवशावर राहू नका. त्यात दहा लिटर वायू असला तरी मिनिटाला दोन लिटरने तो पाच मिनिटांत संपतो. टॅक्सीत मोठा सिलिंडर आहे का आणि तो भरलेला आहे का, हे लेहमध्येच बघून घ्या. उंचीचा त्रास टाळण्याचं औषध म्हणजे असेटाझोलामाइड, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, पण आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असल्यास तर नक्कीच. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्याला घाबरू नये.

माझं मत: पहिली रात्र तांगत्सेला काढा. ते साधारण ३,९५० मीटरवर आहे आणि तळं तिथून तासाभरावर.

सातूचं_शेत:
हे पटलं, पण पुढची रात्र मेराकच्या घरात हवीच. नाहीतर गावाला काय मिळणार?

रानवाट:
त्यासाठी नऊ-दहा दिवसांची सुट्टी लागते. ज्यांच्याकडे सातच आहेत, त्यांनी पँगाँग सोडावं आणि आल्ची, लामायुरू, नुब्रा बघावं. लामायुरू लेहच्याच उंचीचं आहे, आल्ची त्याहून खाली.

सातूचं_शेत:
सात दिवस असतील तर मी नुब्रा सोडेन. तिसरी रात्र लेहला, चौथी तांगत्सेला, पाचवी मेराकला. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. अडीअडचणीला गाडी मागवायची तर फोन लागला पाहिजे.