तिसरा भाग कधी, याला काय उत्तर द्यावं?

माझ्या कादंबरीचा तिसरा भाग अकराव्या प्रकरणात अडलाय. ९० हजार शब्द झाले होते, पण गेल्या महिन्यात त्यातले १४ हजार मीच काढून टाकले. नायिकेची आई चुकीच्या वेळी घरी परतत होती, त्यामुळे पुढचं सगळंच खोटं वाटायला लागलं. वाचक रोज विचारतात. एका आजींनी पत्रात लिहिलंय, "डोळे अधू होत चाललेत, लवकर लिही गं." पत्र टेबलावरच आहे, रोज दिसतं. तारीख सांगून टाकू का?

उत्तर १: तारीख नको. मी एकदा दिली आणि दोनदा चुकवली, फार वाईट वाटलं. आता फक्त कितवं प्रकरण चालू आहे ते कळवते. लोक समजून घेतात, खरंच.

उत्तर २: वाचक म्हणून सांगतो ताई, घाईघाईत उरकलेला शेवट लगेच कळतो. इंग्रज कादंबरीकार डिकन्स १८३६ पासून क्रमशः लिहायचा. छापून गेलेला भाग वाचकांच्या हातात पडलेला असायचा. तुम्हाला मागे जाऊन १४ हजार शब्द काढता आले, हे केवढं मोठं आहे!

उत्तर ३: आजींना मात्र आजच लिहा. जमलं तर झालेली दहा प्रकरणं मोठ्या अक्षरात छापून पाठवा.

मूळ प्रश्नकर्ती: छापायला घेतली. आई आता दोन दिवस उशिरा परततेय.