आवाज बेताचा असला तरी

आवाज बेताचा असेल तर वृंदगानात जाऊन करायचं काय, असं विचारलंय, म्हणून लिहितोय. मी बरीच वर्षं गातोय आणि आवाज अजूनही बेताचाच आहे!

मी बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या पुरुषी आवाजांत. मुख्य चाल सहसा सोप्रानोंकडे, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या बायकांकडे. आमच्या वाट्याला कधीकधी ओळभर एकच स्वर. घरी एकट्याने म्हणताना अगदी कंटाळवाणा. पण तोच षड्ज धरलेला असताना शेजारून पंचम लागतो, वरून गंधार येतो, आणि छातीत घुमायला लागतं. एकल गाणाऱ्याला हे सुख नाही, असं माझं ठाम मत.

श्वासाची गंमत वेगळीच. लांबलचक स्वर असला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारचा घेत असेल तर आपण थांबायचं, मग श्वासासाठी हळूच गळायचं, हळूच परत मिसळायचं. ऐकणाऱ्याला स्वर अखंड. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहिलं की हे न बघता जमतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या २०१३ मधल्या अभ्यासात तर एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचा वेगही बरोबरीने कमी-जास्त होताना दिसला होता.

तेव्हा बिनधास्त जा. सुरुवातीला शेजारच्यापेक्षा जरा हळू गा. आणि पेन्सिल न्या, गाणं बसवणारे दर वेळी काहीतरी बदलतातच.