रात्रीचं स्किनकेअर: ॲसिड, रेटिनॉल, मॉइश्चरायझर... कशानंतर काय आणि किती?

केतकी_न

रात्रीच्या रूटीनबद्दल जाणकारांकडून नेमकं उत्तर हवं आहे. वय ३४, त्वचा मिश्र, म्हणजे कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे. मुरुमांचे काळपट डाग आहेत आणि डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा. सध्याचा क्रम: फेसवॉश, १०% ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर, व्हिटॅमिन सी, ०.५% रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार), वरून नाइट क्रीम. हे सगळं रोज, झोपताना, एकापाठोपाठ एक. आता नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटतात, आणि नाइट क्रीमसुद्धा लावल्या लावल्या चुरचुरतं.

त्वचा रात्री नवी होते म्हणून ॲक्टिव्ह (ॲसिड, रेटिनॉलसारखे थेट परिणाम करणारे घटक) रात्रीच लावावेत, यात तथ्य किती? दोन थरांमध्ये किती वेळ थांबायचं? आणि प्रत्येक गोष्ट किती घ्यायची? कृपया "थोडंसं" असं नको, माप सांगा.

बिनसाबण

आधी चुरचुरण्याचं बघा, क्रम नंतर. ज्या क्रीममध्ये ॲक्टिव्ह काहीच नाही तेही झोंबतंय, म्हणजे स्किन बॅरियर, त्वचेचं बाहेरचं संरक्षक आवरण, उघडं पडलंय. ग्लायकोलिक, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, तिन्ही बंद करा. किमान दोन आठवडे. चारही लागू शकतात. तोवर रात्री सौम्य क्लेन्झर आणि मॉइश्चरायझर. सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुवा, मग मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनही झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडवालं घ्या, ते सहसा सोसतं. मॉइश्चरायझरच्या घटकांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड ही नावं शोधा. वरच्या थरातल्या पेशींच्या मधली जागा याच तीन स्निग्ध पदार्थांनी भरलेली असते आणि सध्या नेमकी तीच रिकामी झाली आहे. सुगंधी काही नको. पापुद्रे नखाने ओढू नका. स्क्रबचं तर नावही काढू नका.

चेहरा धुऊन दहा मिनिटं काहीही न लावता बसा. ओढल्यासारखा वाटत नसेल आणि साधं क्रीम सलग आठवडाभर झोंबलं नसेल, तर पुढे जायला हरकत नाही.

आता धुण्याबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तर आधी तेलाचं क्लेन्झर किंवा बाम. ते कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हातांनी लावायचं. ओल्या चेहऱ्यावर लावलं की ते लगेच पाण्यात मिसळून दुधाळ होतं आणि सनस्क्रीन विरघळण्याआधीच वाहून जातं. मग लोक म्हणतात की याने काही निघत नाही. साधारण मिनिटभर हलक्या हाताने फिरवा, केसांची कड, जबड्याची रेघ आणि नाकाच्या बाजू विसरू नका. मग हात ओले करून परत फिरवा, पांढरं झालं की कोमट पाण्याने धुवा. त्यानंतर साधं सौम्य क्लेन्झर, अर्धा-पाऊण मिनिट. दिवसभर घरातच होता आणि चेहऱ्यावर काही लावलेलं नव्हतं, तर पहिली पायरी गाळा.

साबणाची वडी चेहऱ्याला नको. निरोगी त्वचेचा पीएच ५ च्या आसपास असतो, साबणाचा ९ ते १०. धुतल्यावर "कचकचीत स्वच्छ" वाटतं ती स्वच्छता नसते, तेल ओरबाडून गेलेलं असतं.

घटिका

"रात्री नवी होते" याबद्दल. अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यावर बरीच विक्री चालते.

खरं ते असं. त्वचेच्या पेशींनाही दिवस-रात्रीचं घड्याळ असतं. तळाच्या थरातल्या पेशींचं विभाजन रात्री जोरात असतं. त्वचेतलं तेल दुपारच्या सुमारास सर्वांत जास्त आणि रात्री कमी. त्वचेतून बाष्प होऊन उडणारं पाणी मात्र संध्याकाळपासून वाढतं, रात्री जास्त असतं. म्हणजे रात्री त्वचा जास्त झिरपते आणि तिच्यावर तेलाचं पांघरूणही कमी. कोरड्या त्वचेची खाज रात्री वाढते, त्यातही याचा हात आहे.

यावरून "म्हणून रात्री पाच ॲक्टिव्ह लावा" हा निष्कर्ष निघत नाही. उलटाच निघतो: जे लावाल ते जास्त मुरण्याची शक्यता, म्हणून जळजळही जास्त, आणि पाणी अडवणारा शेवटचा थर महत्त्वाचा. रेटिनॉल रात्री लावायचं मुख्य कारण तर अगदी साधं आहे, ते उजेडात खराब होतं. व्हिटॅमिन सी रात्री लावलं म्हणून बिघडत काही नाही, पण त्याचा खरा उपयोग दिवसा, सनस्क्रीनच्या खाली. ते सकाळी हलवा, तुमची रात्र तेवढी हलकी होईल.

आणखी एक. तळाची पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तसे जास्त. त्यामुळे "एका रात्रीत" काही नवं होत नाही. रात्रीत फार तर पाणी धरून ठेवल्यामुळे सकाळी चेहरा तुकतुकीत दिसतो. शरीराच्या घड्याळावरच्या कामाला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं, पण डबीवर "सर्केडियन" छापलं म्हणून आतलं क्रीम ते घड्याळ फिरवतं असं नाही. नाइट क्रीम म्हणजे बहुतेक वेळा सनस्क्रीन नसलेलं, जरा दाट मॉइश्चरायझर. वेगळं घ्यायलाच हवं असं काही नाही.

केतकी_न

बापरे, म्हणजे आधी बंदच करायचं. ठीक. दोन आठवडे नुसतं क्रीम. त्यानंतर रेटिनॉल परत सुरू करताना काय करू? आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपावं लागतं, तेव्हा? "रात्री दहा ते दोनच्या झोपेतच त्वचा सुधारते" असं सगळीकडे वाचलंय.

घटिका

दहा ते दोन असं काही कप्पाबंद नाही. रूटीन तुमच्या झोपेआधी करा, मग ती सकाळी नऊला का असेना. फक्त कामावरून उन्हातून घरी आलात तर आधी सनस्क्रीन धुऊन काढा, आणि रेटिनॉल लावून उजेडाच्या खोलीत वावरू नका. पडदे ओढून झोपायचं. संध्याकाळी बाहेर पडताना ऊन असेल तर परत सनस्क्रीन. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर रेटिनॉलच्या रात्री वारांनुसार ठरवण्यापेक्षा "मधे दोन झोपा सोडून" असं मोजा, गोंधळ होत नाही.

नीलिमा कोरडे

रेटिनॉलचं सविस्तर लिहिते.

एकतर ०.५% वर परत जाऊ नका. ०.१ ते ०.३% ने सुरुवात. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, मग महिनाभर दर तिसरी रात्र, नंतर सोसलं तर एक दिवसाआड. रोज लावायचं उद्दिष्ट ठेवायची गरज नाही. काळसर त्वचेला तर घाई फारच नडते: जळजळ झाली की तिथे नवा काळपट डाग उठतो, म्हणजे ज्यासाठी हे सगळं चाललंय तेच वाढतं.

माप. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, साधारण पाव ग्रॅम. म्हणजे २० ग्रॅमची ट्यूब ८० रात्री पुरायला हवी. महिन्याभरात संपली तर तिप्पट लावताय. मॉइश्चरायझरचं माप: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली क्रीमची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा. इथे लोक चिक्कूपणा करतात आणि रेटिनॉलमध्ये उदार होतात!

लावायची पद्धत: धुतल्यावर टॉवेलने टिपा, घासू नका. थोडी ओल असतानाच मॉइश्चरायझरचा पातळ थर. दहा मिनिटं थांबा, चेहरा पूर्ण कोरडा वाटला पाहिजे. ओल्या त्वचेत रेटिनॉल पटकन शिरतं आणि आग होते, म्हणून हे थांबणं महत्त्वाचं. (मॉइश्चरायझर आधी न लावता थेट लावणार असाल तर धुतल्यावर वीस मिनिटं.) मग नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्यांच्या कडा इथे व्हॅसलीनचं बोट फिरवा. तिथली त्वचा पातळ, वरून रेटिनॉल घड्यांत साचतं. तुमचे पापुद्रे नेमके तिथेच का सुटतात ते यावरून कळेल. आता वाटाणा पाच ठिपक्यांत वाटा: कपाळावर दोन, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक. आतून बाहेर पसरवा. नाकाला वेगळं घेऊ नका, बोटाला उरलेलं पुरतं. दोन मिनिटांनी वरून परत मॉइश्चरायझर. बाकीच्या थरांत मिनिट-दोन मिनिटं पुरे, हाताला बुळबुळीत लागेनासं झालं की पुढचं लावा. क्रीमच्या बारीक वळ्या सुटत असतील तर एकतर खालचा थर जास्त झालाय किंवा तुम्ही घाई करताय.

हे सगळं झोपायच्या तासभर आधी उरका. अंथरुणाला पाठ टेकताना लावलेलं अर्धं उशीच्या अभ्र्याला जातं आणि थोडं डोळ्यांत.

ग्लायकोलिकचं काय? रेटिनॉल बस्तान बसवेपर्यंत, म्हणजे बारा आठवडे, नकोच. नंतर हवंच असेल तर आठवड्यातून एकदा, वेगळ्या रात्री. डागांसाठी त्याऐवजी ५% पर्यंतचं नायसिनामाइड किंवा १०% ॲझेलेइक ॲसिड जास्त निमूटपणे काम करतं. ग्लायकोलिक लावलं तर बंद केल्यावरही आठवडाभर उन्हाला त्वचा जास्त हळवी राहते हे लक्षात असू द्या.

फरक बघायचा तो बारा आठवड्यांनी. रोज आरशात शोधू नका, एकाच खिडकीच्या उजेडात महिन्याला एक फोटो काढा.

बिनसाबण

नीलिमाताईंच्या पद्धतीला एक पुरवणी. कोपऱ्यांना आधी व्हॅसलीन हे उत्तम. पण अख्ख्या चेहऱ्यावर रेटिनॉलच्या वरून व्हॅसलीन फासायचं जे खूळ आहे ते टाळा. वरून घट्ट झाकलं की खालचं औषध जास्त मुरतं आणि आगही वाढते. व्हॅसलीन पाणी उडणं जवळजवळ पूर्ण थांबवतं, त्यात त्याचा हात कोणी धरत नाही, पण ते रेटिनॉल नसलेल्या रात्री, कोरड्या गालांवर, अगदी पातळ. तुमच्या तेलकट कपाळावर नको.

दवबिंदू७

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल आणि त्याची सगळी भावंडं (ट्रेटिनॉइन, ॲडापलीन) बंद. ॲझेलेइक ॲसिड चालतं, तरी डॉक्टरांना विचारून.

वॅक्सिंग असेल तर त्याआधी आठवडाभर रेटिनॉल थांबवा, नाहीतर पट्टीबरोबर त्वचाही निघते. मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरत असाल तर ते सकाळी. ट्रेटिनॉइनसोबत लावलं तर ते त्याला निकामी करतं. शिवाय रंगीत टॉवेल आणि अभ्र्यांवर त्याचे पांढरे डाग पडतात, ते जात नाहीत.

केतकी_न

खूप उपयोगी. शेवटचं: रेटिनॉल सुरू केल्यावर फोड आले तर ते "पर्जिंग" (सुरुवातीला मुरुम तात्पुरते वाढणं) समजून रेटायचं का?

नीलिमा कोरडे

जागा बघा. एरवी जिथे मुरुम येतात तिथेच, नेहमीसारखेच पण जरा जास्त येत असतील आणि सहा आठवड्यांच्या आत ओसरत असतील, तर रेटायला हरकत नाही. जिथे कधीच येत नव्हते तिथे आले, सोबत लाली आणि आग असेल, तर ती जळजळ आहे. दोन आठवडे थांबा आणि आधीपेक्षा कमी रात्री लावा. कपाळावर एकसारखे, बारीक, खाजणारे पुरळ आले तर ते बुरशीचंही असू शकतं, आणि तेलकट बाम-क्रीमने ते वाढतं. तिथे रेटिनॉल वाढवून काही होत नाही, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. पापण्या सुजल्या किंवा पाणी झिरपायला लागलं तर त्याच दिवशी सगळं बंद, कारण ती ॲलर्जी असू शकते.

नवीन कुठलंही क्रीम आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा. एका वेळी एकच नवीन वस्तू. दोन एकदम सुरू केल्या तर कोणती बाधली ते कळत नाही.